मुरगळलेला घोटा आणि योगासनं: पहिल्या दिवसापासून पुन्हा गड उतरेपर्यंत

राजगडाची चोर दरवाज्याची वाट मी सुखरूप उतरले होते. घसरडे कातळ झाले, रेलिंग झालं, गुडघे थरथरवणारा उतार झाला. पाय मुरगळला तो खाली, गुंजवणे गाव जवळ आल्यावर, जिथे वाट सपाट होते आणि माणसं जेवायचं काय यावर बोलायला लागतात तिथे. उजवा पाय एका गोट्यावर पडला, तळवा आत वळला आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाला ‘कट्’ झालं. ते कानाला ऐकू आलं की नुसतंच जाणवलं, हे मला अजूनही सांगता यायचं नाही.

तीन आठवड्यांत सूज उतरली, दुखायचं थांबलं आणि मी पहिल्यासारखी वावरायला लागले. मग एक दिवस गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन जिना उतरताना तोच पाय तसाच आत वळला. पायरी ओली नव्हती, पायाखाली काही आलं नव्हतं. या वेळी मात्र फिजिओकडे गेले. तिने आधी एका पायावर उभं राहायला सांगितलं. डाव्या पायावर मी अर्धा मिनिट आरामात उभी राहिले. उजव्यावर सहा सेकंदांत टेबल धरलं. “दुखणं गेलंय,” ती म्हणाली, “पाय कुठे परत आलाय?”

तो पाय परत आणायला मला पुढे चार महिने लागले. त्यातला बराचसा भाग योगासनांचा होता, पण मी आधी वर्गात करायचे तशा आसनांचा नाही. खाली लिहिलंय ते घोटा आत वळून बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा चिवट पट्टा, दुखावलेल्यांसाठी. हाड मोडलं असेल, ऑपरेशन झालं असेल, लिगामेंट पूर्ण तुटलं असेल, तर तुमचं वेळापत्रक डॉक्टर ठरवतील, हा लेख नाही.

आधी हाड शाबूत आहे का ते बघा

आमच्याकडे कंबरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधतात आणि त्याची हलकी लाथ बसली की उसण जाते म्हणतात. घोटा मुरगळला तर चोळून ‘बसवून’ देणारं कोणीतरी प्रत्येक गावात असतंच. त्यांच्याकडे जायची घाई करू नका. ताज्या दुखापतीला चोळणं म्हणजे आतली सूज आणि रक्तस्राव वाढवणं. आणि हाडाला चीर असेल तर विचारूच नका.

एक्स-रे काढायचा की नाही, हे ठरवण्यासाठी डॉक्टर जगभर ‘ऑटावा नियम’ वापरतात. कॅनडातल्या ऑटावा शहरात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते तयार झाले. मोठ्या माणसांसाठी ते घरीही कळण्यासारखे आहेत. घोट्याची जी दोन टोकं बाहेर आलेली दिसतात, आतलं आणि बाहेरचं, त्यांच्या मागच्या कडेवर खालच्या ६ सेंटीमीटरमध्ये किंवा अगदी टोकावर दाबल्यावर हाडच दुखतंय का? पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो हाडाचा उंचवटा लागतो, तो दाबल्यावर दुखतोय का? पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वर, दाबल्यावर हाड दुखतंय का? मुरगळल्याबरोबर आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नाहीत का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर एक्स-रे काढून घ्या. लंगडत टाकलेली चार पावलंही चालतात, पण ती टाकता आली पाहिजेत.

मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल तर ही परीक्षा खोटं बोलू शकते. सरळ डॉक्टरांकडे जा. पाऊल वाकडं दिसत असेल, थंड किंवा निळसर पडलं असेल, तर तर ताबडतोब.

आत काय झालेलं असतं

बाहेरच्या घोट्याच्या हाडापासून थोडं पुढे, पावलाच्या दिशेने, एक छोटं लिगामेंट जातं. पाऊल खाली आणि आत वळलं की सगळ्यात आधी तेच ताणलं जातं, म्हणून मुरगळण्यात बहुतेक वेळा बळी त्याचाच. नुसतं ताणलं गेलं तर पहिल्या श्रेणीची इजा, अर्धवट फाटलं तर दुसऱ्या, पूर्ण तुटलं तर तिसऱ्या.

पहिले काही दिवस सुजेचे. त्यानंतरच्या तीनेक आठवड्यांत शरीर तिथे नवे तंतू घालतं, पण ते घाईघाईने, कसेही, गोधडीच्या पहिल्या टाक्यांसारखे. मग पुढचे कित्येक महिने, कधी कधी वर्षभर, त्या तंतूंवर ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने ते हळूहळू सरळ होत जातात. त्यामुळे पाय महिनाभर उशीवर ठेवून बसणं चूक, आणि दुसऱ्या आठवड्यात ताणत बसणंही चूक.

दुसरी गोष्ट मला माहीत नव्हती. लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नाही. पाऊल आत्ता कुठल्या कोनात आहे, ही खबर मेंदूला देणाऱ्या संवेदना त्यात असतात. दोरी फाटते तेव्हा खबरही तुटते. पाऊल आत वळायला लागलं की पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू ते खेचून परत सरळ करतात. खबर उशिरा पोचली तर ते उशिरा खेचतात. माझ्या जिन्यावर हेच झालं असणार.

योग म्हणजे ताण देणं, ही आपल्या डोक्यात बसलेली समजूत इथे काढून टाकावी लागते. जे आधीच जास्त ताणलं गेलंय त्याला अजून काय ताणायचं? आसनाची पतंजलींनी केलेली व्याख्या तीनच शब्दांची धरतात: स्थिर, सुख, आसन. लवचिकतेचं नावही त्यात नाही. मुरगळलेल्या घोट्याला ‘स्थिर’ हवं असतं, आणि लक्ष.

दहापैकी तीन

पुढच्या सगळ्या टप्प्यांना एकच मोजपट्टी. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. करताना दुखणं तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही. टोचल्यासारखी, चाकूसारखी कळ आली तर आकडा न मोजता थांबायचं. आणि खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी, पलंगावरून उतरतानाच्या पहिल्या पाच पावलांत. ती कालच्यापेक्षा जड गेली, सूज वाढलेली दिसली, तर काल जास्त झालं. एक पायरी मागे यायचं. यात अपमान वगैरे काही नाही.

वेदनाशामक गोळी घेतल्यावर लगेच सराव करू नका. मोजपट्टीच झाकली जाते.

पहिले तीन-चार दिवस: पाय वर, श्वास लांब

या दिवसांत आसन एकच, झोपणं. पण नीट झोपणं. जमिनीवर सतरंजी घाला. लोड असेल तर लोड, नसेल तर दोन-तीन उशा आणि घडी केलेली चादर असा उतार करा की टाच छातीपेक्षा वर राहील आणि गुडघ्याखालचा पूर्ण पाय टेकलेला असेल. नुसती टाच टेकवून गुडघा अधांतरी ठेवला तर दहा मिनिटांत गुडघा कुरकुरायला लागतो. पाऊल बाहेर लोळत असेल तर बाजूला उशी लावून छताकडे तोंड करून ठेवा.

बर्फ लावायचा तर कापडात गुंडाळून, १० ते १५ मिनिटं. माझ्याकडे फ्रीझरमध्ये हिवाळ्यात सोलून ठेवलेल्या मटारची पिशवी होती. घोट्याभोवती ती अशी बसते की विकतची पिशवीही बसणार नाही. (नंतर त्यांचा पुलाव केला नाही, हे घरच्यांसाठी नमूद करते.) शेक नको, गरम तेल नको, पहिले दोन-तीन दिवस तरी. आईने फोनवरून आंबेहळद आणि तुरटीचा लेप सांगितला. त्वचेला फोड किंवा जखम नसेल तर कोमट लेपाला माझी हरकत नाही, पण तो उकळता लावू नका आणि लावताना चोळू नका.

आता श्वास. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. रोखायचा नाही. दहा-बारा श्वास झाले की शरीरात फिरून या. जबडा आवळलाय का? दुसऱ्या, चांगल्या पायाची बोटं वळलेली आहेत का? माझी कायम असायची. दुखऱ्या पायाला सांभाळण्यासाठी शरीर भलतीकडेच मुठी आवळून बसतं. ते सोडवायचं. मग दुखऱ्या घोट्यावर या, पण ‘दुखतंय’ या शब्दावर थांबू नका. ठणकतंय का? ओढल्यासारखं आहे का? जड आहे? गरम? जागा एकच आहे की सरकतेय? हे ऐकायला फार साधं वाटेल, पण पुढच्या टप्प्यांमध्ये चालणारं दुखणं आणि न चालणारं दुखणं वेगळं ओळखायचं शिक्षण इथेच होतं.

सोबत दिवसातून चार-पाच वेळा पायाची बोटं पसरायची, मिटायची. घोटा न हलवता. बस.

पोटरी लाल, गरम होऊन टणक सुजली आणि दुखायला लागली, किंवा दम लागला, छातीत दुखलं, तर हे घोट्याचं दुखणं नव्हे. रक्ताची गुठळी झालेली असू शकते. लगेच हॉस्पिटल.

चौथ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत: अंगठ्याने बाराखडी

सूज उतरणीला लागली, टेकून चालता यायला लागलं, की हालचाल सुरू. भिंतीला पाठ लावून, पाय सरळ पसरून बसा, म्हणजे दंडासनासारखं. दुखऱ्या पायाच्या पोटरीखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, टाच अधांतरी राहिली पाहिजे.

आधी पाऊल स्वतःकडे ओढा, मग लांब करा. प्रत्येक हालचाल एका पूर्ण श्वासाची. घाई केली की स्नायू झटका देतो आणि झटक्याला तुम्हाला काही कळत नाही. असं दहा वेळा. लांब करताना आणि विशेषतः आत वळवताना दुखेल, कारण लिगामेंट फाटलं ते त्याच दिशेने. तिथे अर्ध्यातच थांबा.

मग अंगठा म्हणजे पेन्सिल समजून हवेत ‘क’ काढा. का, कि, की. गुडघा स्थिर ठेवा, नाहीतर अख्खा पायच लिहायला लागतो. फिजिओ मंडळी यासाठी इंग्रजी मुळाक्षरं सांगतात. आपली अक्षरं जास्त बरी असं माझं मत आहे, त्यांच्यात गाठी आणि वळणं अधिक. ‘ळ’ आणि ‘क्ष’ला पाऊल सगळ्या दिशांना जाऊन येतं. पहिल्या दिवशी माझी ‘क’ची बाराखडीसुद्धा पुरी झाली नाही, ‘कै’पाशी घोट्याने नाही म्हटलं.

यानंतर जोर लावायचा, पण हालचालीशिवाय. खुर्चीवर बसा, पावलाची बाहेरची कड भिंतीला टेकवा आणि भिंत ढकलत असल्यासारखा हलका दाब द्या. पाच आकडे मोजून सोडा. दहा वेळा. आपण मघाशी म्हटलं ते पोटरीच्या बाहेरचे राखणदार स्नायू असे जागे होतात. हात पोटरीवर ठेवून बघा, दाब दिला की तिथे एक लांबट पट्टी घट्ट होते. मला एकच व्यायाम ठेवायचा असता तर मी हा ठेवला असता. दिसायला इतका क्षुल्लक की वर्गात कोणी शिकवणार नाही.

पाठीवर झोपून ‘सुप्त पादांगुष्ठासन’ही, म्हणजे पावलाला पट्टा लावून एक पाय सरळ वर उचलणं, आता करता येतं, पट्ट्याऐवजी पंचा किंवा ओढणी चालेल. फक्त ती पावलाच्या बोटांना न अडकवता टाचेच्या जवळ, कमानीवर घ्या आणि पाऊल खेचू नका. मांडीच्या मागचा भाग मोकळा करायचाय, घोटा नाही. शेवटी पाच-दहा मिनिटं भिंतीला पाय लावून विपरीत करणी. काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर त्याऐवजी खुर्चीवर पोटऱ्या ठेवून झोपा.

न करायची आसनं, आणि एक वज्रासन

पहिल्या वेळी, तीन आठवड्यांनी, मी एका वर्गात गेले. सुरुवातीलाच सगळ्यांना वज्रासनात बसवलं. मी म्हटलं घोटा मुरगळलाय, तर उत्तर आलं, “बसून बसूनच सुटेल.” बसले. दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या घोट्याखाली पुन्हा खळगा भरून सूज आली होती.

वज्रासन आणि वीरासनात पाऊल पूर्ण मागे लांब होतं, म्हणजे नेमकं फाटलेलं लिगामेंट ताणलं जातं. मांडी घालून बसताना, सिद्धासनात, पद्मासनात, पाऊल आत वळून बाहेरचा घोटा जमिनीवर दाबला जातो, म्हणजे मुरगळण्याचीच हळू चालीतली नक्कल. पहिले सहा आठवडे तरी हे सगळं बाजूला ठेवा. पंगतीत, पूजेला, खाली बसावंच लागलं तर पाय पसरून किंवा पाटावर बसा. मालासन, म्हणजे उकिडवं बसणं, आणि भारतीय संडास ही उलट दिशेची अडचण. तिथे घोटा पुढे पुरता वाकावा लागतो आणि सुजेनंतर तो वाकत नाही, मग माणूस तोल सावरायला पाऊल बाहेर फेकतो.

दुचाकीचंही इथेच सांगते. मोटरसायकलला डावा घोटा गिअरला आणि उजवा ब्रेकला लागतो. जोरात, अचानक दाबून दुखत नाही अशी खात्री होईपर्यंत चालवू नका.

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात: ओट्यापाशी ताडासन

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळेजण तोच गाळतात, कारण एव्हाना दुखायचं थांबलेलं असतं.

स्वयंपाकघरातला ओटा ही या कामासाठी उत्तम जागा. उंची बरोबर, पकड भक्कम, आणि रोज तिथे उभं राहावंच लागतं. अनवाणी उभ्या राहा, बोटांची टोकं ओट्यावर. पावलांमध्ये वीतभर अंतर. आता भार कुठे पडतोय ते बघा. टाच, अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा आणि करंगळीच्या मुळाशी असलेला, या तीन जागांवर तो वाटला गेला पाहिजे. मुरगळलेल्या पायावर तो हमखास एकीकडे सरकलेला असतो.

मला हे नुसतं जाणवून कळेना. एकदा न्हाणीघरातून ओल्या पायांनी बाहेर आले तेव्हा शहाबादी फरशीवर दोन्ही पावलांचे ठसे उमटले होते. डावं पाऊल पूर्ण. उजव्याची टाच आणि बाहेरची कड गडद, अंगठ्याच्या मुळाशी जवळजवळ कोरडं. म्हणजे मी आठवडेच्या आठवडे पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत होते, पुन्हा मुरगळायला तयार असल्यासारखी. त्या दिवसापासून रोज आंघोळीनंतर तो ठसा बघायची सवय लागली. अंगठ्याचं मूळ खाली दाबायचं, पण बोटांनी जमीन ओरबाडायची नाही. बोटं आवळली जातायत असं दिसलं तर ती एकदा वर उचलून, पसरून, परत टेकवायची.

ताडासन दोन मिनिटं शांत जमायला लागलं की क्रमाने:

१. दोन्ही टाचा उचला, तीन मोजत वर, तीन मोजत खाली. वर असताना घोटे बाहेर पडू देऊ नका. दोन टाचांच्या मध्ये एक लिंबू धरलंय अशी कल्पना करा. दहा वेळा. सोपं झालं की दोन पायांवर वर, एकट्या दुखऱ्या पायावर खाली.

२. वृक्षासन, पण अर्धं. भार दुखऱ्या पायावर. दुसऱ्या पायाची टाच त्याच्या घोट्याला टेकवा, बोटं जमिनीवरच. ओट्यावर एक हात. मग एक बोट. मग हात ओट्याच्या वर, न टेकवता. १० सेकंदांपासून ३० पर्यंत जायला मला बारा दिवस लागले.

३. मग पाऊल उचलून पोटरीवर किंवा मांडीवर. गुडघ्यावर नाही, कधीच नाही.

४. हे जमलं की नजर हलवा. डावीकडे, उजवीकडे, वर छताकडे. तोल सांभाळायला आपण डोळ्यांवर किती अवलंबून असतो ते तेव्हा कळतं. शेवटी डोळे मिटून, भिंतीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना आधार असताना. आणि त्यानंतर घडी केलेल्या चादरीवर, म्हणजे पायाखाली जरा डळमळीत.

वृक्षासनात घोट्याच्या आजूबाजूला सतत बारीक थरथर होते. ती अशक्तपणाची खूण वाटून मी पहिल्यांदा घाबरले. ती थरथर हाच खरा सराव आहे. पाऊल किंचित कलतं, खबर जाते, स्नायू खेचतो, परत कलतं. तुटलेली खबर जोडली जात असते. तिकडे लक्ष ठेवायचं, दात ओठ खायचे नाहीत, श्वास चालू.

दात घासताना एका पायावर उभं राहा असं फिजिओने सांगितलं होतं. मी कुकरच्या शिट्ट्यांवर लावलं. पहिली शिट्टी होईपर्यंत उजवा, दुसरीपर्यंत डावा.

सहाव्या आठवड्यानंतर: भिंत, खुर्ची आणि मग वर्ग

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि दोरी, खुर्ची, लोड, विटा, पट्टे यांच्या आधाराने आसनं शिकवायची पद्धत त्यांनी इथे घडवली. १९७९ साली, साठी उलटलेली असताना, स्कूटरच्या अपघातांत त्यांना स्वतःला जबर मार बसला आणि पुन्हा अगदी प्राथमिक आसनांपासून उभं राहावं लागलं. घरच्या खुर्चीला धरून त्रिकोणासन करायला संकोच वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

त्रिकोणासन आणि वीरभद्रासनात मागच्या पावलाची बाहेरची कड भिंतीला लावून उभे राहा. मागचा घोटा आत कोसळतो तो इथे. भिंतीने कडेला स्पर्श केला की ती कड जमिनीत दाबायची आठवण राहते. पायांमधलं अंतर नेहमीपेक्षा वीतभर कमी. उत्कटासन खुर्चीवर बसता-उठता करा: बसायला तीन श्वास, उठायला एक. गुडघे दुसऱ्या बोटाच्या रेषेत. अधोमुख श्वानासनात टाचा जमिनीला टेकवायचा हट्ट सोडा, त्या भिंतीला वर टेकवून ठेवा.

घोटा पुढे किती वाकतो हे मोजायचं तर भिंतीसमोर उभे राहा, अंगठा भिंतीपासून चार बोटं लांब, आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला तर पाऊल थोडं मागे. जिथे टाच उचलायला लागते तिथलं अंतर मोजा. मग चांगल्या पायाचं मोजा. तुमचं लक्ष्य पुस्तकातला आकडा नाही, तुमचाच दुसरा पाय आहे. फरक कमी होत आला की मालासन सुरू करा, टाचांखाली घडीची चादर घालून, आणि दर आठवड्याला एक घडी कमी.

वज्रासनाकडे सगळ्यात शेवटी या. घोट्यांच्या पुढच्या खोलगट जागेखाली टॉवेलची गुंडाळी आणि नितंबांखाली लोड. अर्ध्या मिनिटापासून सुरुवात. ढुंगणाखालचा लोड आठवड्या-आठवड्याने खाली येईल. सूर्यनमस्कार त्याच्याही नंतर, उडी न मारता, एकेक पाय मागे नेत. भुजंगासनात पावलं मागे सपाट पडतात तिथे जपून. मी बरेच दिवस बोटं वळवलेलीच ठेवली.

वर्गात परत जाल तेव्हा शिक्षकांना कुठला पाय, किती आठवडे झाले आणि कुठलं आसन चालत नाही हे सुरू व्हायच्या आधी सांगा. हाताने दाबून दुरुस्त करू नका, असंही स्पष्ट सांगा. ऐकत नसतील तर चटई गुंडाळून घरी या.

पुन्हा डोंगर

महिने मोजू नका, चार गोष्टी तपासा. एका पायावर ३० सेकंद, दोन्ही पायांवर सारखेच. एका पायावर टाच उचलणं, दोन्ही पायांना जवळपास सारख्या वेळा. जिना उतरताना कठड्याला हात न लावता, न दुखता. आणि जागेवरच एका पायावर हलकी उडी मारून न डगमगता उतरणं. एकही अडत असेल तर तेवढ्याचाच सराव वाढवा आणि दोन आठवड्यांनी परत बघा. तीन महिन्यांनीही घोटा ‘निसटतो’ असं वाटत असेल, आत अडकतं किंवा सूज उतरतच नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे परत जा. कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरच्या गुळगुळीत आवरणाला, इजा असू शकते आणि ती साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही.

मी आधी पर्वती केली, १०३ पायऱ्या, आठवड्यातून तीन वेळा, वर जाताना भरभर आणि खाली येताना मुद्दाम हळू. मग आतकरवाडीकडून सिंहगड, घोट्याला आधाराचा पट्टा बांधून. असा पट्टा पुन्हा मुरगळण्याची शक्यता खरंच कमी करतो, त्याची लाज बाळगू नका. आणि बुटांचा तळ उलटा करून बघा. माझ्या जुन्या बुटांची बाहेरची कड इतकी झिजली होती की सपाट फरशीवरही ते कलून उभे राहायचे.

उतरताना शेवटच्या अर्ध्या तासात आता मी बोलत नाही. सोबतच्यांना आधीच सांगून ठेवते.

हॉलच्या भिंतीवर, जमिनीलगत, पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर एक तारखेला मोजलेलं दोन्ही घोट्यांचं अंतर, उ आणि डा लिहून. उजवा अजून एक बोट मागे आहे. गेले तीन महिने तो तिथेच आहे. फिजिओ म्हणते राहील कदाचित तेवढा. दिवाळीत रंग काढायचा ठरलाय, तेवढी भिंत सोडा असं रंगाऱ्याला सांगितलंय.